सीमारेषा, सोयरीक आणि उद्योग : कागल-निपाणी परिसराच्या राजकीय विभाजनाचा इतिहास

प्रस्तावना

भाषावार प्रांतरचनेचा अभ्यास करताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः राजधान्यांकडे असते. आयोगांचे अहवाल, विधिमंडळांचे ठराव, आंदोलने, हुतात्मे आणि न्यायालयीन दावे यांच्या आधारे सीमाप्रश्नाचा इतिहास लिहिला गेला आहे व तो आवश्यकही आहे. तथापि, सीमा एकदा आखली गेल्यानंतर तिच्या दोन्ही बाजूंच्या बाजारपेठांचे, जमिनीच्या वाटण्यांचे, सोयरिकींचे आणि कारखान्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. प्रस्तुत निबंधात कोल्हापूर जिल्ह्यातील कागल आणि बेळगाव जिल्ह्यातील निपाणी यांच्या दरम्यानच्या पट्ट्याचा या दृष्टीने विचार केला आहे.

हा पट्टा निवडण्यास कारण आहे. कोल्हापूरहून पुणे-बंगळूर महामार्गाने दक्षिणेकडे निघाले असता प्रथम गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत लागते आणि त्यानंतर कागल व हातकणंगले या दोन तालुक्यांत पसरलेली पंचतारांकित औद्योगिक वसाहत येते. कागल ओलांडून दूधगंगेचा पूल पार केला की कोगनोळी हे कर्नाटकातील गाव येते आणि पुढे थोड्याच अंतरावर निपाणी आहे. कोल्हापूर ते निपाणी हे सारे अंतर सुमारे ४० किलोमीटरचे. एवढ्या प्रवासात वीज देणारी कंपनी, जमिनीच्या उताऱ्याची भाषा, किमान वेतनाचा दर, जातीच्या दाखल्यावरील प्रवर्ग आणि डिझेलचा भाव बदलतो. लोकांची बोली मात्र बदलत नाही.

ही रेषा १९५६ मध्ये निर्माण झाली, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः ती त्याहून सव्वाशे वर्षांनी जुनी आहे. १९५६ ने जुन्या रेषेला नवा अर्थ दिला आणि त्या अर्थाला खरी धार आली ती पुढील काळात तिच्याभोवती साचत गेलेल्या कर, वेतन, आरक्षण, वारसा आणि सहकार यांविषयीच्या कायद्यांमुळे. सीमाप्रश्नाच्या चर्चेत या कायद्यांचा उल्लेख क्वचितच होतो.

संस्थान आणि इलाखा

कागल ही घाटगे घराण्याची जहागीर असून ती कोल्हापूर संस्थानच्या अंकित होती. याच घराण्यात १८७४ साली जन्मलेले यशवंतराव घाटगे १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. निपाणीचा इतिहास निराळा आहे. निपाणकर देसाई सिधोजीराव निंबाळकर हे पेशवाईच्या उत्तरकाळातील एक प्रबळ सरदार. कोल्हापूरकर आणि निपाणकर यांच्यात चिकोडी व मनोळी या परगण्यांवरून दीर्घकाळ संघर्ष चालला. १८१२ च्या तहाने कोल्हापूरने या परगण्यांवरील हक्क सोडला. १८१७-१८ च्या युद्धात इंग्रजांना साहाय्य केल्याबद्दल ते त्यास परत मिळाले आणि १८२७ मध्ये इंग्रजांनी पुन्हा काढून घेतले. निंबाळकरांच्या निधनानंतर निपाणीची जहागीरही खालसा होऊन १८३६ साली निर्माण झालेल्या बेळगाव जिल्ह्यात समाविष्ट झाली.

कागल आणि निपाणी यांच्यामधील रेषेचे मूळ हे असे आहे. तिच्या आखणीत भाषेचा काहीही संबंध नव्हता. तहाची कलमे, युद्धातील बक्षिसी आणि निपुत्रिक मृत्यू यांतून ती घडली. उत्तरेस संस्थानी अंमल, दक्षिणेस मुंबई इलाखा, अशी ही विभागणी सुमारे सव्वा शतक टिकली.

या काळातही रेषेचे परिणाम होतच होते. शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी आपल्या संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. हा हुकूम दूधगंगेच्या अलीकडे लागू होता. पलीकडे, ज्या गावांतून कागलच्या लोकांच्या सुना येत व जेथे त्यांच्या लेकी नांदत, तेथे तो लागू नव्हता. एकाच भावकीतील दोन चुलत भावांच्या संधी त्यांच्या गावाचा धनी कोण यावर अवलंबून राहाव्यात, हे या परिसराने विसाव्या शतकाच्या आरंभीच अनुभवले.

असे असूनही सामाजिक जीवन या रेषेने अडले नाही. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्य परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते आणि शाहू छत्रपती उपस्थित होते. पाच वर्षांनी, एप्रिल १९२५ मध्ये, आंबेडकरांच्याच अध्यक्षतेखाली मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद निपाणीस भरली. एक परिषद संस्थानात, दुसरी इंग्रजी मुलखात. परंतु चळवळ एकच होती. माणगाव आज हातकणंगले तालुक्यात, म्हणजे पंचतारांकित वसाहत ज्या दोन तालुक्यांत आहे त्यांपैकी एकात आहे.

तालुका की खेडे?

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्यामुळे कागल आणि निपाणी प्रथमच एका राज्यात आले. हा काळ फक्त सात वर्षे आठ महिने टिकला, ही गोष्ट सीमाप्रश्नाच्या लेखनात फारशी अधोरेखित होत नाही. विलीनीकरणानंतर झालेल्या प्रशासकीय फेरबदलात कोल्हापूर संस्थानचे रायबाग आणि कटकोळ हे दूरचे महाल बेळगाव जिल्ह्यास जोडण्यात आले. दोन्ही जिल्हे एकाच राज्यात असल्याने त्या वेळी ही केवळ कारभाराची सोय होती. पुढे जिल्ह्याबरोबर तेही म्हैसूर राज्यात गेले.

संयुक्त महाराष्ट्राची मागणी मे १९४६ मध्ये बेळगावच्याच साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, ठरावरूपाने पुढे आली होती. डिसेंबर १९५३ मध्ये नियुक्त झालेल्या राज्यपुनर्रचना आयोगाचा अहवाल सप्टेंबर १९५५ मध्ये आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचना अधिनियमाने मुंबई राज्यातील विजापूर, धारवाड, उत्तर कानडा आणि चंदगड तालुका वगळता बेळगाव हे जिल्हे म्हैसूर राज्यात घातले. चंदगड कोल्हापूर जिल्ह्यास मिळाला. १ नोव्हेंबर हा दिवस तेव्हापासून एका बाजूस राज्योत्सव आणि दुसऱ्या बाजूस काळा दिन म्हणून पाळला जातो.

चंदगड महाराष्ट्रात आला आणि निपाणी गेली, यामागील कारण गणिती स्वरूपाचे आहे. चंदगड हा अखंड तालुकाच मराठीभाषक होता. निपाणी ही मराठीबहुल असली तरी ती चिकोडी तालुक्यात होती आणि तालुक्यात कन्नड भाषकांचे आधिक्य होते. एकक तालुका धरले तर निपाणी कर्नाटकात जाते, खेडे धरले तर ती महाराष्ट्रात येते. सीमावादाचा सारा तात्त्विक भाग या एका प्रश्नात सामावलेला आहे. आंध्र आणि मद्रास यांच्यातील सीमा ह. वि. पाटसकर यांनी खेडे हे एकक, भौगोलिक सलगता, सापेक्ष भाषिक बहुमत आणि लोकेच्छा या तत्त्वांवर ठरविली व १९५९ च्या कायद्याने ती अमलात आली. महाराष्ट्राने हेच सूत्र आपल्याला लावावे असा आग्रह धरला. कर्नाटकाचे म्हणणे, १९५६ मध्ये प्रश्न मिटला, असे होते.

एककाचा हा पेच केवळ भारतातील नाही. १६५९ च्या पिरेनीज तहाने फ्रान्स व स्पेन यांच्यातील सेर्दान्या हे खोरे दुभंगले. त्यातील ३३ खेडी फ्रान्सला द्यावयाचे ठरले. परंतु लिव्हिया हे खेडे नसून नगर आहे, या मुद्द्यावर ते स्पेनकडे राहिले आणि आजही ते चारही बाजूंनी फ्रेंच भूमीने वेढलेले आहे. पीटर सालिन्स यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात या खोऱ्याचा अभ्यास करून असे दाखविले की, तेथील शेतकऱ्यांनी आपल्या चराईच्या व पाण्याच्या भांडणांसाठी राज्यांच्या सीमेचा उपयोग करून घेतला आणि त्या प्रक्रियेत ते हळूहळू फ्रेंच व स्पॅनिश बनत गेले. म्हणजे सीमा राजधानीतून येते, तशीच ती गावातूनही घट्ट होते. दूधगंगेच्या खोऱ्याला हे निरीक्षण किती लागू पडते, याचा विचार पुढे करावयाचा आहे.

२५ ऑक्टोबर १९६६ रोजी नेमलेल्या न्या. मेहेरचंद महाजन आयोगाने ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल दिला. त्यात २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत, बेळगाव कर्नाटकातच राहावे, असे सुचविले होते. महाराष्ट्राला द्यावयाच्या गावांत निपाणीचा समावेश होता. बेळगाव नाही म्हणून महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. हा निर्णय तत्त्वतः समर्थनीय होता. परंतु त्याची किंमत कोणी दिली, हेही इतिहासाने नोंदविले पाहिजे. बेळगावच्या आग्रहात निपाणीचा निवाडा अडकून पडला आणि तेथील दोन पिढ्यांनी आपले आयुष्य त्या प्रतीक्षेत घालविले. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा अद्याप प्रलंबित आहे.

कराची रेषा

राज्यपुनर्रचना आणि केंद्रीय विक्रीकर अधिनियम ही दोन्ही अपत्ये १९५६ या एकाच वर्षाची आहेत, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. १ नोव्हेंबरला राज्ये बदलली आणि डिसेंबरमध्ये आंतरराज्य विक्रीवर कर बसविणारा कायदा मंजूर झाला. कराचा दर आरंभी १ टक्का होता, तो वाढत वाढत १९७५ मध्ये ४ टक्के झाला. कालपर्यंत कोल्हापूरच्या व्यापाऱ्याने निपाणीस विकलेला माल हा एकाच राज्यातील व्यवहार होता. तोच आता आंतरराज्य व्यापार ठरला. सी फॉर्म, तपासणी नाके आणि दोन विक्रीकर कार्यालये यांच्याशी या व्यापाऱ्यांचा संबंध आला तो येथून. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर ही व्यवस्था बहुतांशी संपली. पेट्रोल व डिझेल मात्र त्या कराबाहेर राहिल्याने त्यांचा दर राज्याच्या सीमेवर अजूनही बदलतो. डिझेल कर्नाटकात बहुतेक काळ स्वस्त राहिले असल्याने, मालमोटार कोठे थांबवून टाकी भरावयाची हे चालकांना सांगावे लागत नाही.

स्थानिक करांचीही हीच कथा. कर्नाटकाने जकात १९७९ मध्ये रद्द केली. महाराष्ट्रातील नगरपालिकांची जकात त्यानंतर वीस वर्षांनी, १९९९ मध्ये गेली. या दोन दशकांत कागलच्या आणि निपाणीच्या पेठेत शिरणारा माल एकसारखा वागविला जात नव्हता.

निपाणीचे अर्थकारण मुख्यतः विडीच्या तंबाखूवर उभे होते. तंबाखूवर १९५७ पासून विक्रीकराऐवजी केंद्राचे अतिरिक्त उत्पादनशुल्क आले, त्यामुळे सीमेचा कररूपी जाच तंबाखूला तुलनेने कमी झाला. या व्यवसायातील शोषणाला मात्र कोणत्याही राज्याची सीमा नव्हती. वखारींत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या आणि खकाण्यात दिवस काढणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेचा लढा १९८० च्या सुमारास उभा राहिला. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडले. १४ मार्चला सुरू झालेले हे आंदोलन ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबाराने मोडण्यात आले आणि त्यात १२ शेतकऱ्यांचा बळी गेला. नेता महाराष्ट्रातील, शेतकरी मराठी व कन्नड दोन्ही भाषा बोलणारे, सरकार कर्नाटकाचे. तरीही मागणी भावाची होती आणि भाषेचा प्रश्न तीत आला नाही. सीमाप्रश्नाचे आंदोलन आणि तंबाखूचे आंदोलन एकाच गावात, एकाच पिढीत घडले. त्यांचा एकत्रित अभ्यास होणे आवश्यक आहे.

दूध आणि ऊस यांची स्थिती याहून वेगळी आहे, कारण ही दोन्ही क्षेत्रे सहकाराच्या म्हणजे राज्याच्या कायद्याने बांधलेली आहेत. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाला, म्हणजे ‘गोकुळ’ला, बहुराज्यीय करण्याचा प्रस्ताव २०१८ मध्ये आला तेव्हा जिल्ह्यात मोठा राजकीय संघर्ष झाला आणि अखेर तो प्रस्ताव मागे पडला. सीमेपलीकडील दुधाची आवक हा त्या वादातील एक मुद्दा होता. उसाच्या बाबतीत सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने परराज्यात ऊस नेण्यास बंदी घातली आणि शेतकरी संघटनांच्या विरोधामुळे काही दिवसांतच ती मागे घेतली. सीमेवरच्या शेतकऱ्याला ज्या कारखान्याचा दर चांगला तो आपला, मग तो कोणत्याही राज्यात असो. ज्या शासनाने सीमाभाग आपलाच आहे असे न्यायालयात सांगितले, त्याच शासनाला तेथील कारखाने या आदेशापुरते परराज्यातील वाटले, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

पाण्याबाबत मात्र दोन्ही राज्यांनी समंजसपणा दाखविला आहे. काळम्मावाडी येथील दूधगंगा धरण हा आंतरराज्य प्रकल्प असून त्यात कर्नाटकाचा सुमारे ४ टीएमसी वाटा आहे. नदी अडविता येते, तिची दिशा बदलत नाही. समंजसपणाचे कारण कदाचित एवढेच असेल.

भावकी, सोयरीक आणि दाखले

कागल, मुरगूड, गडहिंग्लज या भागांतील कुटुंबांच्या सोयरिकी निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात पूर्वापार आहेत. धार्मिक जीवनही असेच गुंफलेले आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेस कोल्हापूरचे भाविक सौंदत्तीच्या यल्लम्माला जातात. संत बाळूमामा यांचा जन्म निपाणीजवळच्या अक्कोळचा आणि समाधी भुदरगड तालुक्यातील आदमापूरची. अक्कोळ कर्नाटकात आणि आदमापूर महाराष्ट्रात. त्यांच्या नावाची बकरी दोन्हीकडे चरतात.

कुटुंबाला सीमा जाणवते ती दाखल्याच्या वेळी. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यवार असल्यामुळे एका राज्यातील व्यक्तीस स्थलांतरानंतर दुसऱ्या राज्यात त्या सवलती मिळत नाहीत, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात मान्य केले. दूरच्या स्थलांतरासाठी या तत्त्वास काही अर्थ असेल. पंधरा-वीस किलोमीटरवर नांदावयास गेलेल्या मुलीसाठी त्याचा अर्थ वेगळा होतो. माहेरी मिळणारा लाभ सासरी मिळत नाही आणि त्यासाठी तिने जात वा भाषा बदललेली नसते. मराठा समाजाचे उदाहरणही बोलके आहे. कर्नाटकात तो इतर मागासवर्गीयांच्या ३-ब प्रवर्गात आहे. महाराष्ट्रात २०१८ च्या कायद्याने दिलेले आरक्षण मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले आणि २०२४ मध्ये नवा कायदा करण्यात आला. एका भावकीचे दोन भाग दोन प्रवर्गांत विभागले गेले आहेत. १९०२ च्या हुकुमाच्या वेळी जे घडले त्याची ही दिशा बदललेली पुनरावृत्ती म्हणता येईल.

वारसाहक्काच्या बाबतीत तर फरक आठवड्यांवर आला होता. मुलीस वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायिक मानणारी दुरुस्ती महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून आणि कर्नाटकाने ३० जुलै १९९४ पासून लागू केली. दोन्हींतून त्या तारखेपूर्वी विवाह झालेल्या मुली वगळण्यात आल्या. परिणामी १९९४ च्या जुलैच्या आरंभी लग्न झालेल्या मुलीचा हक्क तिचे माहेर कागलकडचे की निपाणीकडचे यावर अवलंबून राहिला. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने आणि २०२० च्या विनीता शर्मा निवाड्याने हा भेद संपविला. मधली अकरा वर्षे मात्र त्या मुलींच्या आयुष्यातली होती.

जमिनीची वाटणी हा आणखी एक विषय. ज्या कुटुंबाची शेती दोन्ही राज्यांत आहे, त्याला एका बाजूस सातबारा आणि दुसऱ्या बाजूस कन्नडमधील पहाणी पत्रक घेऊन उभे राहावे लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १७ नुसार असा दावा कोणत्याही एका बाजूच्या न्यायालयात दाखल करता येतो. पण तो कागलला दाखल केला तर पुढची वाट मुंबई उच्च न्यायालयाकडे जाते, ज्याचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सुरू झाले. निपाणीला केला तर धारवाडकडे. भाऊबंदकीत कोणत्या भावाला कोणते न्यायालय सोयीचे, याचा विचार होणारच. सालिन्स यांच्या शेतकऱ्यांप्रमाणे येथेही लोक सीमेचा उपयोग करतात आणि त्या उपयोगातून सीमा अधिक पक्की होते.

शिक्षणाने यावर एक वेगळा तोडगा शोधला. निपाणीला लागूनच असलेले अर्जुननगर हे गाव महाराष्ट्राच्या हद्दीत, कागल तालुक्यात आहे. तेथे १९६० साली जनता शिक्षण मंडळाचे देवचंद महाविद्यालय सुरू झाले व पुढे ते शिवाजी विद्यापीठाशी संलग्न झाले. निपाणीचा विद्यार्थी घरातून निघतो कर्नाटकात आणि वर्गात बसतो महाराष्ट्रात. सीमाभागातील मराठी विद्यार्थ्याला मातृभाषेच्या विद्यापीठाची पदवी मिळाली, ती अशा काही पावलांच्या अंतरामुळे. पदवीनंतर नोकरी शोधताना कन्नडची अट पुढे येते, हा भाग वेगळा. दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठी भाषक उमेदवारांना महाराष्ट्राने शासकीय भरतीसाठी पात्र मानले आहे. २०२३ मध्ये आरोग्य योजनेचा लाभही त्या गावांना देण्याचे ठरविले, तेव्हा कर्नाटकाने त्यास हरकत घेतली.

पंचतारांकित वसाहत : सीमेवरचा कारखाना

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ ची, कर्नाटकातील तत्सम मंडळाची १९६६ ची. म्हणजे राज्यांची विभागणी झाल्यानंतर दहा वर्षांच्या आत उद्योगांना भूखंड देणाऱ्या दोन स्वतंत्र व परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या यंत्रणा उभ्या राहिल्या. कोल्हापूरच्या उद्योगाचा पाया ऑइल इंजिन आणि फौंड्री यांनी घातला होता. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव असा तो दक्षिणेकडे सरकत गेला आणि कागलच्या पंचतारांकित वसाहतीत सीमेच्या अगदी जवळ आला. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा प्रकल्प, रेमंडचा सुती वस्त्राचा कारखाना आणि सोक्तास या तुर्की कंपनीने उभारलेला वस्त्रप्रकल्प (जो पुढे ग्रासिमने घेतला) येथे आल्यामुळे लोखंडाच्या जोडीला कापूसही आला.

या वसाहतीचे श्रमक्षेत्र दोन राज्यांत पसरलेले आहे. सकाळच्या पाळीला दूधगंगेच्या पुलावरून दुचाकींवर येणारे कामगार भविष्यनिर्वाह निधी आणि राज्य कामगार विमा यांच्या दृष्टीने एकाच देशाचे असतात, कारण ते कायदे केंद्राचे आहेत. त्यांचे किमान वेतन मात्र महाराष्ट्राने ठरविलेले असते आणि त्यांच्या घरातील विडी वळणाऱ्या स्त्रीचे कर्नाटकाने. एका चुलीवर दोन राज्यांच्या वेतनदरांतून शिजते. महाराष्ट्राच्या धोरणात ‘स्थानिक’ म्हणजे राज्यात पंधरा वर्षे वास्तव्य असलेला; अंतराचा त्यात विचार नाही. त्यामुळे शेकडो किलोमीटरवरच्या गडचिरोलीचा कामगार कागलला स्थानिक ठरतो आणि कोगनोळीचा परका.

ही जवळीक किती नाजूक आहे हे २०२०-२१ मध्ये दिसले. कोविडच्या साथीत कोगनोळीच्या टोलनाक्यावर तपासणी बसली आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रातून कर्नाटकात प्रवेशासाठी आरटीपीसीआर अहवाल सक्तीचा झाला. जी सीमा लोक रोज दोनदा ओलांडत होते, ती प्रथमच पार करण्याजोगी वस्तू म्हणून समोर उभी राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये कारण वेगळे होते. दोन्ही राज्यांच्या बसगाड्यांवर हल्ले झाले, एसटीच्या फेऱ्या थांबल्या आणि एकाच महिन्यात दोन्ही विधिमंडळांनी परस्परविरोधी ठराव संमत केले. कारखान्यांची पाळी त्या दिवसांतही वेळेवर सुरू व्हावयाची होती.

विजेचा प्रश्न याहून जुना आहे. महाराष्ट्रात २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आले. निपाणीस हुबळीच्या हेस्कॉम कंपनीकडून वीज मिळते. फौंड्री हा वीज खाणारा उद्योग असल्याने दरातील फरक थेट कास्टिंगच्या किमतीत उतरतो. २०१३ मध्ये वाढीव वीजदराच्या विरोधात कोल्हापूरच्या उद्योजकांनी कर्नाटकात स्थलांतर करण्याचा इशारा दिला आणि तेथील शासनाशी बोलणीही केली. मुंबईत त्याची दखल ‘उद्योग परराज्यात चालले’ अशी घेतली गेली. महाराष्ट्राचा दावा मान्य झाला, तर सीमेलगतच्या पट्ट्यात अशा रीतीने गेलेला कारखाना पुन्हा महावितरणच्या दराखाली येईल. उद्योजकांनी हिशेब मांडला तेव्हा न्यायालयातील दाव्याला नऊ वर्षे झाली होती आणि त्यांच्या हिशेबात तो धरलेला नव्हता.